शेतावरील खानावळ आणि समाजमाध्यमांतून प्रसिद्धी

रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात, म्हणजे सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव व पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग येथे, पौष-माघात हुरडा खाण्याची चाल फार जुनी आहे. पूर्वी हुरड्याचे आमंत्रण सोयऱ्याधायऱ्यांना व स्नेह्यांना असे. त्याचे पैसे घ्यावेत ही कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. अलीकडे शहरातील कुटुंबे हुरडा, पिठले-भाकरी आणि शेतावरचा एक मोकळा दिवस यांसाठी आनंदाने पैसे मोजतात, व अनेक शेतकऱ्यांनी शेतावरच लहानशी खानावळ काढून जोडधंदा उभा केला आहे. राज्य शासनाने 2020 साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते.

धंदा नवा, आणि त्याची प्रसिद्धी करण्याचे साधनही नवे. वर्तमानपत्रातील जाहिरातीस पैसे पडतात. भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या प्रसिद्धीस बहुधा पडत नाहीत. परंतु जे फुकट मिळते ते कसे वापरावे हे शिकण्याची गरज नाही, असा जो समज खेड्यापाड्यांतून रूढ होत आहे, तो घातक आहे. बियाणे फुकट मिळाले म्हणून कोणी एकरी दुप्पट पेरीत नाही. प्रसिद्धीच्या बाबतीत मात्र नेमके हेच घडताना दिसते, आणि त्याचे नुकसान शेतकऱ्यास एक हंगाम नव्हे, तर दोन-तीन हंगाम सोसावे लागते.

एका रविवारची हकीकत

प्रस्तुत लेखकाच्या कार्यक्षेत्रातील एका गावी एका कोरडवाहू शेतकरी दाम्पत्याने सोसायटीचे कर्ज काढून शेतात पत्र्याची शेड, दोन स्वच्छतागृहे व हात धुण्याची जागा केली. मळा महामार्गापासून चार किलोमीटर आत. पहिल्या हंगामात ओळखीपाळखीतून दर रविवारी पंचवीस-तीस माणसे येत. जेवण उत्तम, वागणूक घरच्यासारखी. बारा पाहुण्यांनी गूगलच्या नकाशावर आपण होऊन पाच-पाच तारे दिले होते.

जानेवारी 2023 मध्ये एका बुधवारी चार तरुण आले. त्यांच्यापैकी एकाचे इन्स्टाग्रामवर पुष्कळ अनुयायी होते. त्याने आगटीतून निघणारी कणसे, गोणपाटावर चोळलेला हिरवागार हुरडा व मातीच्या वाडग्यातील दही यांची सुरेख रील तयार केली. दाम्पत्याने त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. रीलच्या शेवटी त्या तरुणाने उत्साहाच्या भरात दोन वाक्ये जोडली : “पोटभर हुरडा. कधीही या!” हे वचन शेतकऱ्याने दिले नव्हते, पण लोकांनी ते त्याचेच मानले.

पुढच्या रविवारी तीनशेच्या वर माणसे आली. हुरड्याच्या वाणाचे क्षेत्र अवघे तीन गुंठे, तेही एकाच दिवशी पेरलेले. त्यातील निम्मी कणसे आधीच वापरली गेली होती किंवा टणक झाली होती. दुपारी बाराच्या सुमारास हुरडा संपला. एक वाजता पीठ संपले. शेजाऱ्याच्या घाट्यावर आलेल्या हरभऱ्यात मोटारी उभ्या राहिल्या. दूरवरून लहान मुले घेऊन आलेली माणसे उपाशी परतली, आणि परतीच्या वाटेवरच त्यांनी आपला राग नकाशावरील नोंदीत उतरविला. त्या आठवड्यात अठ्ठावीस जणांनी एकेक तारा दिला. शेजाऱ्याची नुकसानभरपाई त्या दिवशीच्या मिळकतीतून भागली नाही. ज्या बाईंनी पहाटे चारपासून चूल पेटविली होती, त्यांना ‘लुबाडणारे लोक’ हे शब्द मुलाने वाचून दाखविले तेव्हा त्या दोन दिवस शेडकडे फिरकल्या नाहीत.

येथे कोणाचा अपराध होता? रील करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्यांची तक्रार खोटी नव्हती. शेतकऱ्याने तर जाहिरात केलीच नव्हती. चूक इतकीच की, आपल्या शेतात व चुलीवर एका दिवशी किती माणसांचे भागू शकेल हा आकडा कोणी मांडलाच नव्हता, सबब तो कोणाला सांगताही आला नाही. प्रसिद्धीचा आरंभ भ्रमणध्वनीपासून नव्हे, या आकड्यापासून झाला पाहिजे.

आधी शेताचे गणित

रब्बी ज्वारी 45 सें. मी. × 15 सें. मी. अंतरावर असता एका गुंठ्यात सुमारे दीड हजार ताटे बसतात. पाखरे, खोडमाशी व लहान कणसे यांपोटी एक-तृतीयांश वजा केल्यास हुरड्यायोग्य एक हजार कणसे हाती येतात असे धरू. एका माणसास किती कणसे लागतात हे ज्याने त्याने आपल्या वाणावरून मोजावे. उदाहरणासाठी आठ धरू. म्हणजे गुंठ्यास 125 माणसे झाली.

हे ऐकून दहा गुंठ्यांत बाराशे माणसे सहज जेवतील असे वाटेल. येथेच फसगत होते. दाणा दुधाळ अवस्थेतून पुढे सरकला, पण अजून हिरवा, मऊ व गोड आहे, ही अवस्था एका पेरणीत थोडेच दिवस टिकते. पुढे दाणा टणक होतो व त्याची ज्वारी होते. पाहुणे शनिवार-रविवारी येतात. तेव्हा एका पेरणीस पाहुण्यांचा एक शनिवार-रविवार, फार तर दोन मिळतात. यास्तव सगळे क्षेत्र एकदम न पेरता सप्टेंबरच्या मध्यापासून आठवड्याच्या अंतराने एकेक-दीड गुंठ्याचे पट्टे पाडावेत. सुरती, गूळभेंडी, कुचकुची यांसारखे स्थानिक वाण किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर हे हुरड्यासाठीचे वाण घ्यावेत. मागाहून पेरलेल्या पट्ट्यास संरक्षित पाण्याची एखादी पाळी द्यावी लागेल. ती सोय नसेल तर पट्टे कमी करावेत. थंडी वाढली की मागच्या पट्ट्यास अधिक दिवस लागतात, म्हणून हुरड्याची तारीख दिनदर्शिकेवरून ठरवू नये. कणसातील दाणा नखाने दाबून पाहावा, आणि मगच लोकांस दिवस कळवावा.

दुसरे गणित चुलीचे. समजा, दोन चुली आहेत व प्रत्येकीवर तासाला तीस भाकरी होतात. तीन तासांत 180 भाकरी. माणशी तीन धरल्यास साठ माणसे. शेतात सव्वाशेंचा हुरडा असला तरी चुलीवर साठांचेच जेवण आहे, म्हणून त्या दिवसाची मर्यादा साठ. गावातील महिला बचत गटाकडून आणखी दोन चुली लावता आल्या तर ती वाढेल; एरवी नाही. या हिशेबाने शनिवारी साठ व रविवारी साठ पाहुणे, त्यांना मिळून साधारण एक गुंठा हुरडा, आणि सहा आठवड्यांस सहा पट्टे. एवढेच क्षेत्र पुरे होते, हे पाहून अनेकांना नवल वाटते.

हा साठचा आकडा शेडच्या खांबावर खडूने लिहून ठेवावा. यापुढे जे सांगावयाचे आहे, ते सारे या आकड्याच्या आधाराने आहे.

नकाशावरील नोंद

शहरातील माणूस आज वाट विचारीत नाही, भ्रमणध्वनी पाहतो. म्हणून सर्वप्रथम गूगलच्या नकाशावर खानावळीची नोंद करावी. ही नोंद विनामूल्य आहे. “तुमची नोंद वर आणून देतो, इतके पैसे भरा” असे दूरध्वनी येतात, त्यांना उत्तर न देणे उत्तम. नोंद आपलीच आहे हे सिद्ध करण्यासाठी पुष्कळदा जागेची चित्रफीत मागतात. तीत रस्ता, नावाचा फलक, शेड व चूल दिसावी. फलक कायमचा असावा, कारण हंगामी व्यवसायानेही वर्षभर फलक ठेवावा असा गूगलचा नियम आहे. शेतास घरक्रमांक नसतो. तेथे नकाशातील ‘प्लस कोड’ हा अक्षरे व अंक यांचा छोटा संकेत उपयोगी पडतो. तो फलकावरही रंगवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस येथे एक आग्रहाची सूचना आहे. शेतकऱ्यास येत नाही म्हणून आपण आपल्या खात्यातून नोंद करून देऊ नये. पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याच्या खात्यातूनही ती होऊ नये. पुतण्या नोकरीस लागतो, परवलीचा शब्द विसरतो, आणि मालकास आपलाच दूरध्वनी क्रमांक बदलता येत नाही. नोंदीचे मालक म्हणून घरातील कर्त्या माणसाचे, शक्य तर स्वयंपाकाची जबाबदारी ज्या बाईंची आहे त्यांचेच, खाते असावे. पुतण्यास व्यवस्थापक म्हणून जोडण्याची सोय तेथे आहे. शिकविताना भ्रमणध्वनी आपल्या हातात न घेता त्यांच्याच हातात राहू द्यावा. दोन तास अधिक जातील, पण पुढे वर्षभर आपणांस बोलावणे येणार नाही.

नोंदीत वेळ स्पष्ट द्यावी : ‘फक्त शनिवार-रविवार, सकाळी 9 ते दुपारी 3, आगाऊ नोंदणी आवश्यक.’ हंगाम संपताच ‘तात्पुरते बंद’ असे नोंदवावे. हे न केल्यामुळे चैत्राच्या उन्हात हुरड्यासाठी आलेली कुटुंबे प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. नकाशावरील माहितीत कोणीही बदल सुचवू शकतो; म्हणून दर आठवड्यास आपला दूरध्वनी क्रमांक व वेळ तीच आहे ना, हे पाहून घ्यावे.

छायाचित्रे कशाची घ्यावीत

बहुतेक जण ताटाचे छायाचित्र घेतात व थांबतात. ताट हवेच, सकाळच्या कोवळ्या उन्हात, भ्रमणध्वनीची काच धोतराच्या सोग्याने वा पदराने पुसून, जवळून घेतलेले ताट चांगले उठते. परंतु कुटुंब घेऊन येणाऱ्या माणसास ताटापेक्षा इतर गोष्टींची चिंता अधिक असते. महामार्गावरून कोठे वळावे? मोटार कोठे उभी करावी? स्वच्छतागृह कसे आहे? म्हाताऱ्या माणसास बसण्यास खुर्ची आहे का? या चार गोष्टींची साधी, खरी छायाचित्रे ज्या खानावळीने दिली, तिला स्त्रियांचे दूरध्वनी अधिक येतात, असा आमचा अनुभव आहे. दरपत्रकाचेही छायाचित्र द्यावे. दर लपविल्याने गिऱ्हाईक वाढत नाही, वाद वाढतात.

दुसऱ्याच्या शेताचे, किंवा मागील वर्षी पिकलेल्या कणसाचे चित्र या वर्षीचे म्हणून देऊ नये. स्वयंपाक गॅसवर होत असेल तर ‘चुलीवरचे जेवण’ लिहू नये. ‘सेंद्रिय’ हा शब्द तर प्रमाणपत्र असल्याखेरीज वापरूच नये. त्याऐवजी “या पट्ट्यास शेणखत दिले आहे, फवारणी केलेली नाही” असे जे असेल ते लिहावे. लोकांना ते अधिक पटते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल मोठ्या दंडाची तरतूद आहे, आणि भ्रमणध्वनीवरील मजकूरही जाहिरातच आहे. पाहुण्यांची, विशेषतः त्यांच्या मुलांची, चित्रे विचारल्यावाचून प्रसिद्ध करू नयेत.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 प्रमाणे अन्न विकणाऱ्या लहान व्यवसायासही नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक फलकावर व व्हॉट्सॲपच्या माहितीत द्यावा. पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घेतली असल्यास तेही सांगावे.

व्हॉट्सॲपचा उपयोग

इन्स्टाग्रामवरील रील अनोळखी माणसांपर्यंत जाते; किती व कोणत्या गावच्या माणसांपर्यंत, हे आपल्या हाती नसते. व्हॉट्सॲपचे उलट आहे. तेथे आलेल्या पाहुण्यास पुन्हा बोलाविता येते, आणि किती जणांस बोलवावे हे आपणच ठरवितो. साठ माणसांच्या खानावळीस दुसरे साधन अधिक मोलाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रीलचा मोह तरुण मुलांस फार असतो. त्यांना रागावू नये, पण हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांत तरी हात आखडता ठेवण्यास सांगावे.

व्यवसायासाठीचे निराळे व्हॉट्सॲप 2018 पासून आपल्याकडे मिळते व तेही विनामूल्य आहे. त्यात दरपत्रक ठेवता येते, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची तयार उत्तरे ठेवता येतात, आणि आपण रानात असताना आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवता येतो. एका प्रसारण यादीत 256 क्रमांक मावतात. मात्र ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या भ्रमणध्वनीत साठविला आहे, त्यालाच यादीतील निरोप पोचतो. सबब पाहुणा निघताना पैसे देतो त्याच वेळी, “क्रमांक साठवून ठेवा, पुढच्या पट्ट्याचा दिवस कळवतो,” असे बाईंनी वा मालकांनी तोंडाने सांगावे. ‘स्टेटस’ चोवीस तास दिसते. कणीस भरत असतानाचे एक छायाचित्र सोमवारी व नोंदणी उघडल्याचा निरोप मंगळवारी, एवढे पुरे. दिवसातून दहा वेळा काही ना काही पाठविणाऱ्याचा क्रमांक लोक पुसून टाकतात.

निरोप कसा असावा याचा नमुना खाली दिला आहे.

“शनिवार 17 व रविवार 18 जानेवारी. दुसऱ्या पट्ट्याचा हुरडा तयार आहे. वाण गूळभेंडी. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. दुपारी पिठले, वांग्याची भाजी, भाकरी. दर दिवशी साठ पाने. आगाऊ रक्कम मिळाल्यावर जागा पक्की. न कळवता आल्यास हुरडा मिळेलच असे नाही, कृपया रागावू नये.”

यात तीन गोष्टी पाहाव्यात. दिवस ठराविक आहे. संख्या ठराविक आहे. आणि जे देता येणार नाही तेही सांगितले आहे. साठ पाने भरली की त्याच क्षणी “या आठवड्याच्या जागा भरल्या, पुढील पट्टा अमुक दिवशी” असे स्टेटसवर व नकाशावरील नोंदीत लिहावे. काही शेतकऱ्यांस हा निरोप लिहिताना हात कचरतो, दारी आलेली लक्ष्मी परत पाठवीत आहोत असे वाटते. वस्तुतः या निरोपानेच पुढचा आठवडा भरतो.

रील करणारे आले तर

त्यांचा सत्कार करावा, पण त्यांच्याशी आधी बोलावे. दिवस, संख्या, नोंदणीचा क्रमांक व दर ही माहिती रीलमध्येच असली पाहिजे, हे जेवणाआधी स्पष्ट करावे, व शक्यतो प्रसिद्ध होण्यापूर्वी रील पाहून घ्यावी. जेवण फुकट दिले असेल वा पैसे दिले असतील, तर ती गोष्ट त्याने प्रेक्षकांस सांगितली पाहिजे, असे केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनांत म्हटले आहे. पैसे मागणाऱ्यांबाबत आमचा सल्ला असा की, तेवढ्या रकमेत वाटेवरच्या दोन वळणांवर पत्र्याचे फलक होतात; ते आधी करावेत.

तारे व अभिप्राय

पुन्हा त्या दाम्पत्याकडे वळू. बारा पाहुण्यांचे पाच-पाच तारे, अठ्ठावीस जणांचा एकेक. चाळीस अभिप्रायांची सरासरी 2.2 झाली. ती 4 वर नेण्यास पाच तारे देणारे आणखी 72 अभिप्राय लागतात, हे कोणीही कागदावर मांडून पाहावे. संतुष्ट पाहुण्यांपैकी दहांत एक जण लिहितो असे धरले, तर 720 पाहुणे हवेत. आठवड्यास 120 प्रमाणे सहा आठवडे, म्हणजे एक संपूर्ण हंगाम. एका रविवारची किंमत एक हंगाम!

अशा वेळी गावातील हुशार माणसे दोन उपाय सुचवितात. एक, नातेवाइकांकडून खोटे अभिप्राय लिहवून घ्यावेत. दोन, पाच तारे देणाऱ्यास ताकाचा पेला फुकट द्यावा. दोन्ही करू नयेत. खोटे व मोबदला देऊन मिळविलेले अभिप्राय गूगलच्या नियमांत बसत नाहीत व ते काढून टाकले जातात. भारतीय मानक ब्यूरोनेही 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय. एस. 19000 हे मानक काढले आहे. शिवाय खोटेपणा ओळखू येतोच : एकाच आडनावाची वीस माणसे एकाच संध्याकाळी स्तुती करीत असतील तर वाचणारा काय समजावयाचे ते समजतो.

दाम्पत्याने निराळा मार्ग धरला. मुलाच्या मदतीने त्यांनी अठ्ठावीसही जणांस उत्तरे लिहिली. सर्वांस एकच ठोकळेबाज उत्तर नव्हे. ज्याने जे लिहिले त्याचे उत्तर. एक नमुना असा : “आपण मुलांसह लांबून आलात व उपाशी गेलात, याचे फार वाईट वाटते. त्या दिवशी आमच्याकडे साठांचीच तयारी होती आणि ते सांगण्याची सोय आम्ही केली नव्हती, ही चूक आमची. आता आगाऊ नोंदणी ठेवली आहे. आपण पुन्हा आलात तर त्या दिवसाचे पैसे वळते करून घेऊ.” उत्तरात रील करणाऱ्या तरुणास दोष दिलेला नाही, पाहुण्यास खोटे पाडलेले नाही. अशी उत्तरे तक्रार करणाऱ्यापेक्षा इतरांकरिताच अधिक असतात. नवा पाहुणा आधी वाईट अभिप्राय वाचतो व मग मालक काय म्हणतो ते पाहतो. अठ्ठावीसांपैकी तिघे पुढील हंगामात खरोखरच आले. त्यांतील दोघांनी आपले तारे बदलले. एकाने बदलले नाहीत, पण तो सहा माणसे घेऊन आला होता.

पुढचा हंगाम, डिसेंबर 2023 पासूनचा, त्यांनी सहा पट्ट्यांवर व साठ पानांवर चालविला. शेजाऱ्याचा पड रानाचा तुकडा मोटारींसाठी भाड्याने घेतला. त्यामुळे भांडणही मिटले. त्या वर्षी सोसायटीचा हप्ता वेळेवर गेला, पण हाती फारसे उरले नाही. सरासरी अजून साडेतीनच्या खालीच होती.

पैशांबाबत सावधगिरी

आगाऊ रक्कम घेण्याची पद्धत सुरू झाली की फसविणारेही येतात. खानावळवाल्यांच्या बाबतीत एक प्रकार देशभर वारंवार घडला आहे. दूरध्वनी येतो, बोलणारा आपण सैन्यदलातील अधिकारी आहोत असे सांगून पन्नास पाने मागतो, दराची घासाघीस करीत नाही, आणि आगाऊ रक्कम पाठविण्यासाठी म्हणून एक क्यूआर संकेत पाठवून तो स्कॅन करावयास सांगतो. स्कॅन करून पिन टाकताच पैसे येण्याऐवजी आपल्या खात्यातून जातात. घरातील प्रत्येकाने पाठ करावे की, पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पाहुण्याने दाखविलेल्या पडद्याच्या चित्रावरही विसंबू नये. रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली दिसल्यावरच जागा पक्की करावी. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता तत्काळ 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आगाऊ घेतलेल्या पैशांची वही निराळी ठेवावी : नाव, माणसे, दिवस, रक्कम. अवकाळी पावसाने कणसे काळी पडली व दिवस रद्द करावा लागला, तर त्याच संध्याकाळी वहीतील सर्वांस दूरध्वनी करून रक्कम परत करावी किंवा पुढचा दिवस द्यावा. निरोप टाकून मोकळे होऊ नये. निरोप न वाचलेला एक जण तरी सकाळी दारात उभा राहतोच.

हंगाम संपल्यावर

शेवटचा पट्टा संपला की नकाशावर ‘तात्पुरते बंद’ करावे व यादीतील पाहुण्यांस आभाराचा एक निरोप द्यावा. कणसे काढलेली हिरवी ताटे जनावरांस वैरण म्हणून उपयोगी पडतात. प्रत्येक पट्टा कोणत्या दिवशी पेरला, हुरड्यावर कोणत्या दिवशी आला, किती माणसे जेवली व किती कणसे लागली, हे वहीत उतरवून घ्यावे. पुढच्या सप्टेंबरात पट्टे पाडताना याच आकड्यांचा आधार होईल. बियाण्यासाठी राखावयाची चांगली कणसे हुरड्याच्या धांदलीत आगटीत जाऊ नयेत म्हणून त्यांना आधीच दोरा बांधून ठेवावा. आणि फलक तसाच उभा राहू द्यावा. वाऱ्याने वाकला असल्यास सरळ करावा.